जोत्याच्या वर, जोत्याच्या खाली: बांधकामाच्या आत पाहणारे रडार

भूभेदी रडार, म्हणजेच ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार किंवा जीपीआर, हे रेडिओ लहरींच्या मदतीने काँक्रीट, दगडी बांधकाम, रस्त्याचे थर आणि जमीन यांच्या आत काय आहे ते शोधणारे उपकरण आहे. स्लॅबमधील सळ्या किती अंतरावर आणि किती खोल आहेत, स्लॅबची जाडी किती आहे, भिंतीत पोकळी आहे का, रस्त्याखालून नळ किंवा केबल गेली आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे ते काहीही न फोडता देऊ शकते. बांधकामाला इजा न करता होणाऱ्या चाचण्यांना नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग किंवा एनडीटी म्हणतात. हातोड्याने ठोकून आवाज ऐकण्यापासून क्ष-किरणांपर्यंत या चाचण्यांचे अनेक प्रकार आहेत. एकाच बाजूने काम करता येणे, मोठा भाग थोड्या वेळात पाहता येणे आणि आतल्या गोष्टींची खोली कळणे, ही त्यांतील रडारची वैशिष्ट्ये.

यवतमाळ जिल्ह्यात या उपकरणाला काम भरपूर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, आरोग्य केंद्रे, शासकीय कचेऱ्या, पाण्याच्या टाक्या, नद्यानाल्यांवरचे पूल, पूस, अरुणावती, बेंबळा यांसारखी धरणे, राष्ट्रीय महामार्ग आणि नवा रेल्वेमार्ग, अशी जुनी-नवी बांधकामे सोळा तालुक्यांत पसरली आहेत. मात्र या जिल्ह्याची जमीन रडारला सर्वत्र सारखी साथ देत नाही. इमारतीच्या जोत्याच्या वर, कोरड्या काँक्रीटमध्ये, रडार भरवशाचे ठरते. जोत्याच्या खाली, ओल्या काळ्या मातीत, तेच रडार हातभर खोलीतच निष्प्रभ होऊ शकते. हा फरक ध्यानात घेऊन काम दिले, तरच तपासणीचा खर्च कारणी लागतो.

लहर जाते कशी, परतते कशी

रडारचे मुख्य अंग म्हणजे अँटेना. काँक्रीट तपासणारे अँटेना एका हातात मावते आणि चाकांवर पृष्ठभागावरून सरकवले जाते. रस्ता किंवा जमीन तपासणारे अँटेना ढकलगाडीवर बसवलेले असते. चाकाला जोडलेले मापक उपकरण किती पुढे सरकले याची नोंद ठेवते. अँटेनातून रेडिओ लहरींचे अत्यंत छोटे स्पंद आत सोडले जातात आणि आतून परावर्तित होऊन आलेला प्रतिसाद टिपला जातो.

हवेत रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, ३० सेंटीमीटर जाते. इतर पदार्थांत तिचा वेग कमी होतो. किती कमी होतो, हे त्या पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरते. हवेसाठी हा आकडा १ आहे, कोरड्या, मुरलेल्या काँक्रीटसाठी साधारण ६ ते ९ आणि पाण्यासाठी सुमारे ८०. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याच्या वर्गमुळाने भागले की त्या पदार्थातला वेग मिळतो. त्यामुळे काँक्रीटमध्ये लहर एका नॅनोसेकंदात साधारण १० ते १२ सेंटीमीटर जाते. वेग १० सेंटीमीटर धरला आणि परावर्तन २ नॅनोसेकंदांनी आले, तर जाण्यायेण्याचे अंतर २० सेंटीमीटर झाले; म्हणजे वस्तू १० सेंटीमीटर खोल आहे. रडारचे सारे खोलीमापन या साध्या हिशेबावर उभे आहे.

लहर परत फिरते ती दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर. दोन्ही बाजूंच्या स्थिरांकांत जितका फरक, तितके परावर्तन ठळक. धातूवरून जवळजवळ संपूर्ण लहर परत येते, म्हणून सळ्या स्पष्ट दिसतात आणि धातूच्या मागचे काहीही दिसत नाही. काँक्रीटमधील हवेच्या पोकळीवरूनही चांगले परावर्तन मिळते. पोकळीत पाणी भरलेले असेल तर परावर्तन तितकेच ठळक असते, पण लहरीची धन-ऋण दिशा उलटी होते. अनुभवी तज्ज्ञ या खुणेवरून कोरडी पोकळी आणि पाणी धरलेली पोकळी यांत भेद करू शकतात. गळक्या स्लॅबच्या किंवा बोगद्याच्या तपासणीत ही माहिती फार मोलाची असते.

रडारच्या पडद्यावर दिसणारे चित्र छायाचित्रासारखे नसते. अँटेनातून लहर शंकूच्या आकारात पसरते. त्यामुळे अँटेना सळईच्या नेमके वर येण्याआधीच तिचे परावर्तन मिळू लागते आणि सळई ओलांडून गेल्यावरही मिळत राहते. तिरक्या वाटेने अंतर जास्त भरते, म्हणून सळई त्या वेळी खोल भासते. नेमके वर आल्यावर ती सर्वांत जवळ दिसते. परिणामी प्रत्येक सळईच्या जागी एक उलटी कमान, गणिताच्या भाषेत अपास्त, उमटते. कमानीचा माथा म्हणजे सळईची जागा. कमान किती पसरट आहे यावरून त्या पदार्थातला वेगही काढता येतो. संगणकावर या कमानी एकवटून बिंदूंत बदलता येतात आणि उभ्याआडव्या अनेक रेघांवरच्या नोंदी एकत्र करून ठरावीक खोलीचा सपाट नकाशा तयार करता येतो.

वारंवारता आणि खोली

अँटेनाची वारंवारता जितकी जास्त, तितकी तरंगलांबी कमी आणि बारीक वस्तू वेगवेगळ्या ओळखण्याची क्षमता जास्त. पण लहर लवकर क्षीण होते. काँक्रीटसाठी १.५ ते २.६ गिगाहर्ट्झची अँटेना वापरतात. त्यांनी साधारण ३० ते ४० सेंटीमीटरपर्यंतचे बारकावे दिसतात. ९०० मेगाहर्ट्झच्या अँटेनाने जाड राफ्ट पायात किंवा दगडी भिंतीत मीटरभर खोल जाता येते, पण जवळजवळच्या सळ्या एकमेकींत मिसळून दिसतात. जमिनीखालच्या नळ-केबलसाठी ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासची अँटेना लागतात आणि अनुकूल जमिनीत ती दोन-तीन मीटरपर्यंत पोहोचतात. खडकाचे थर शोधायचे असतील तर वारंवारता १०० मेगाहर्ट्झच्या आसपास आणावी लागते.

एकमेकांजवळच्या दोन थरांना वेगळे ओळखण्याची मर्यादा ढोबळमानाने तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी असते. काँक्रीटमध्ये १.६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६ सेंटीमीटर, म्हणजे ही मर्यादा दीड सेंटीमीटर. ४०० मेगाहर्ट्झला ती ६ सेंटीमीटरच्या घरात जाते. एकाच अँटेनाने खोलही आणि बारीकही पाहण्याची अपेक्षा म्हणूनच चुकीची ठरते.

शोधाचा प्रवास

रेडिओ लहरींनी दूरची वस्तू ओळखण्याचे पेटंट जर्मनीच्या क्रिस्टियन हुल्समायर यांनी १९०४ मध्ये घेतले; त्यांचा उद्देश धुक्यात जहाजांची टक्कर टाळणे हा होता. जमिनीत गाडलेल्या वस्तू शोधण्यासाठी त्याच कल्पनेचा वापर गॉटहेल्फ लाइंबाख आणि हाइनरिख ल्योवी यांनी १९१० च्या पेटंटमध्ये मांडला. १९२९ मध्ये ऑस्ट्रियातील एका हिमनदीची जाडी या तंत्राने मोजली गेली. १९७२ मध्ये अपोलो १७ मोहिमेत चंद्राच्या पृष्ठभागाखालचे थर रेडिओ लहरींनी तपासले गेले आणि त्याच दशकात व्यापारी उपकरणे बाजारात येऊ लागली. पुढे संगणक स्वस्त झाले, अँटेना लहान झाली आणि हे तंत्र भूगर्भशास्त्रज्ञांकडून स्थापत्य अभियंत्यांच्या हाती आले. भारतात वाचकांना ते बहुधा पुरातत्त्वीय पाहण्यांच्या बातम्यांतून माहीत असते. बांधकामातला त्याचा वापर तितकाच महत्त्वाचा आहे.

स्लॅब, बीम, कॉलम

जोत्याच्या वर रडारचे पहिले काम सळ्या शोधण्याचे. जुन्या इमारतीचे नकाशे अनेकदा सापडत नाहीत आणि सापडले तरी बांधकाम त्याबरहुकूम झाले असेलच असे नाही. इमारतीवर मजला चढवायचा असेल, छतावर पाण्याची टाकी किंवा सौर पॅनेल बसवायचे असतील, तर स्लॅबमध्ये प्रत्यक्ष किती सळ्या आहेत हे समजल्याशिवाय अभियंत्याला हिशेब मांडता येत नाही. रडार सळ्यांची संख्या, त्यांतील अंतर आणि खोली दाखवते. त्यासाठी सळ्यांना काटकोनात जाणाऱ्या रेघांवर अँटेना फिरवावे लागते, म्हणून तपासणी नेहमी उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी केली जाते. रेघांतील अंतर साधारण ५ ते १० सेंटीमीटर ठेवतात.

दुसरे काम कव्हर मोजण्याचे. सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांमधील थराला कव्हर म्हणतात. भारतीय मानक आयएस ४५६:२००० नुसार सौम्य परिस्थितीत किमान २० मिलिमीटर, मध्यम परिस्थितीत ३० आणि तीव्र परिस्थितीत ४५ मिलिमीटर कव्हर अपेक्षित असते. मुंबई-कोकणात समुद्राचे क्षार सळ्यांना गंज चढवतात. यवतमाळ समुद्रापासून दूर आहे. इथे गंजाची मुख्य कारणे वेगळी: अपुरे कव्हर, छतातून झिरपणारे पावसाचे पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण हळूहळू कमी होणे, म्हणजेच कार्बोनेशन. कव्हर पातळ असेल तर कार्बोनेशन सळईपर्यंत लवकर पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आतून दाब देतो आणि स्लॅबचे पोपडे खाली पडतात. शाळेच्या वर्गात असे पोपडे पडणे हा जिवाशी खेळ आहे. सेंट्रिंगवर सळ्यांखाली ठोकळे नीट लावले होते की नाही, हे रडार बांधकामानंतर कित्येक वर्षांनीही सांगू शकते. पोपडे पडू लागण्याआधी धोक्याच्या जागा कळण्याचा तो एक चांगला मार्ग आहे.

तिसरे काम छिद्र पाडण्याआधीचे. रुग्णालयात ऑक्सिजनची वाहिनी, कचेरीत वातानुकूलन यंत्र किंवा इमारतीत सांडपाण्याचा पाइप बसवताना स्लॅबला आरपार छिद्र पाडावे लागते. त्यात मुख्य सळई कापली गेली तर स्लॅब कमजोर होतो. विजेची तार कापली गेली तर कामगाराच्या जिवाला धोका. पुलाच्या गर्डरमध्ये किंवा मोठ्या सभागृहाच्या छतात ताण दिलेल्या पोलादी केबल असतात. त्यांपैकी एक जरी कापली गेली तरी साठलेला प्रचंड ताण अचानक मोकळा होतो. छिद्राच्या जागी काही मिनिटे रडार फिरवून खडूने सळ्यांच्या रेघा आखल्या की हे धोके बहुतांशी टळतात.

चौथे काम जाडी मोजण्याचे आणि पोकळ्या शोधण्याचे. काँक्रीट ओतताना नीट कंपन न दिल्यास गिट्टीच्या मध्ये सिमेंट पोहोचत नाही आणि हनीकोंबिंग होते. मोठी पोकळी रडारला दिसते. बारीक, विखुरलेली हनीकोंबिंग सळ्यांच्या गर्दीत हरवू शकते.

रडार जे सांगत नाही, तेही तितकेच ठळकपणे नोंदवायला हवे. काँक्रीटची ताकद ते मोजत नाही. सळईची जाडी ते खात्रीने सांगू शकत नाही. १२ आणि १६ मिलिमीटरच्या सळ्यांच्या कमानी जवळजवळ सारख्याच दिसतात. सळई किती गंजली आहे हेही ते थेट दाखवत नाही. ओल आणि क्षार असलेल्या भागात लहर जास्त शोषली जाते, त्यावरून संशयित जागा मात्र ओळखता येतात. वरच्या जाळीतील सळ्या दाट असतील तर खालची जाळी झाकली जाते. ताण दिलेल्या केबलभोवती धातूची नळी असेल तर नळीची जागा दिसते, पण आत ग्राउट, म्हणजे पोकळी भरणारे पातळ सिमेंटचे मिश्रण, नीट भरले आहे की नाही ते कळत नाही. नव्याने ओतलेल्या काँक्रीटमध्ये पाणी जास्त असल्याने लहर फार आत जात नाही. ते मुरून कोरडे झाल्यावर तपासणी केलेली बरी.

काळी माती, मुरूम आणि खडक

जोत्याच्या खाली गणित बदलते. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाचा आहे. पठारी आणि डोंगराळ भागात खडक वरच असतो. त्यावर झिजलेल्या खडकाचा मुरूम आणि मातीचा पातळ थर. वर्धा, पैनगंगा आणि त्यांच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत मात्र खोल काळी माती साचली आहे. याच मातीने जिल्ह्याला कापसाचा जिल्हा केले. पूर्वेकडे वणी, मारेगाव आणि झरी-जामणी भागात गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि कोळशाचे थर, तसेच चुनखडकही आढळतात.

काळ्या मातीतील चिकणमातीचे मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातले आहे. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की आकसते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. इमारतींच्या भिंतींना तडे जाण्यामागे ही हालचाल हे या भागातले नेहमीचे कारण आहे. या खनिजाचे कण विद्युतभारित असतात आणि त्यांच्याभोवती पाण्यात विरघळलेले आयन वावरतात. त्यामुळे ओली काळी माती विजेची बऱ्यापैकी वाहक बनते. वाहक पदार्थात रेडिओ लहरीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होऊन झपाट्याने संपते. कोरड्या वाळूत किंवा घट्ट बेसाल्टमध्ये जे अँटेना कित्येक मीटर पाहू शकते, तेच पावसाळ्यातल्या काळ्या मातीत अर्ध्या-एक मीटरच्या आत आंधळे होते. अँटेनाची शक्ती वाढवूनही यात फारसा फरक पडत नाही.

यावरून काही व्यावहारिक नियम निघतात. जमिनीखालची पाहणी पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबरमध्ये, शक्यतो करू नये. एप्रिल-मे महिन्यांत वरची माती कोरडी असते, त्या वेळी लहर तुलनेने खोल जाते. मात्र मोठ्या भेगांमुळे परावर्तने विस्कळीत होऊ शकतात. मुरमाड जमिनीत, खडकावर किंवा मुरमाने भरलेल्या रस्त्यावर रडारवर जास्त विसंबता येते. खोल काळ्या मातीत पायाची खोली, भूजलाची पातळी किंवा खडकाचा माथा शोधायचा असेल तर विद्युत रोधकता पद्धत जास्त उपयोगी ठरते. ज्या वाहकतेमुळे रडार अडते, तीच वाहकता या पद्धतीला थर ओळखण्यासाठी उपयोगी पडते.

जमिनीप्रमाणेच स्थानिक काँक्रीटचाही विचार करावा लागतो. इथली गिट्टी बेसाल्टची असते आणि बेसाल्टचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ग्रॅनाइटपेक्षा सहसा जास्त असतो. परदेशी उपकरणातला ठरावीक वेग जसाच्या तसा वापरला तर खोलीत चूक येऊ शकते. प्रत्यक्ष वेग १२ सेंटीमीटर असताना १० धरला, तर १० सेंटीमीटर खोल असलेली सळई ८.३ सेंटीमीटरवर दाखवली जाते. कव्हरच्या बाबतीत एवढी चूक निर्णय फिरवू शकते. म्हणून प्रत्येक कामावर एखाद्या ठिकाणी लहान छिद्र पाडून किंवा माहीत असलेल्या जाडीच्या भागावर रडार फिरवून वेग पडताळून घ्यावा लागतो. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांच्या आवारात स्थानिक गिट्टीचे, ठरावीक खोलीवर सळ्या आणि पोकळ्या ठेवलेले नमुना स्लॅब तयार झाले, तर जिल्ह्यातल्या तपासण्यांना भक्कम आधार मिळेल.

रस्ते आणि पूल

नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवडा-केळापूर भागातून पाटणबोरीमार्गे तेलंगणात जातो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ तुळजापूर, लातूर, नांदेडकडून उमरखेड, यवतमाळ, वर्धामार्गे बुटीबोरीला मिळतो. करंजीहून वणी, घुग्घुसमार्गे चंद्रपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ९३० वर कोळशाची जड वाहतूक असते. अशा रस्त्यांवर वाहनाला अर्धा मीटर उंचीवर टांगलेले हॉर्न अँटेना वापरून, वाहतूक न थांबवता, डांबरी थरांची जाडी मोजता येते. ठेकेदाराने किती जाडीचा थर टाकला हे पाहण्यासाठी पूर्वी ठरावीक अंतरावर कोअर, म्हणजे कापून काढलेले दंडगोल नमुने, काढले जात. दोन कोअरमधला भाग न तपासलेलाच राही. रडार सलग रेघ देते आणि कोअर तिची पडताळणी करतात. काँक्रीटच्या रस्त्यात दोन पॅनेलना जोडणाऱ्या डॉवेल सळ्या जागेवर आणि सरळ आहेत का, हेही तपासता येते. काळ्या मातीवरच्या रस्त्यात मुरमाच्या भरावाखालची ओल वर चढली असेल तर तो पट्टा रडारच्या नोंदीत वेगळा दिसतो आणि रस्ता खचण्याआधी निचऱ्याची व्यवस्था करता येते.

पुलांच्या तपासणीचे महत्त्व महाराष्ट्राने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री अत्यंत वेदनादायी रीतीने अनुभवले. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बसही वाहून गेल्या. त्यानंतर राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. दगडी कमानीच्या पुलात रडार कमानीची जाडी, आतला भराव, भरावातील ओल आणि पोकळ्या दाखवू शकते. पण पुरात पायाभोवतीची माती वाहून गेली का, हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी पाण्यात उतरून पाहणी, खोलीची मोजणी आणि पायाचा अभ्यास लागतो. पुलाचा वरचा भाग उत्तम असल्याचा रडारचा अहवाल पायाची हमी देत नाही.

यवतमाळ-मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या शकुंतला रेल्वेमार्गावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बांधकामे आहेत. त्या मार्गाचे रुंदीकरण असो वा जतन, जुने पूल आणि मोऱ्या पाडायच्या की राखायच्या हे ठरवण्याआधी आतली स्थिती समजून घेणे शहाणपणाचे आहे. अशा वारसा बांधकामांवर छिद्रे पाडणे टाळायचे असते, म्हणून तिथे रडारचा उपयोग विशेष.

नवा रेल्वेमार्ग आणि बोगदे

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या बांधकामांपैकी एक आहे. त्यातल्या वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथे झाले. या मार्गावर पूल आणि बोगदेही आहेत. बोगद्याच्या आतून केलेल्या काँक्रीट अस्तराची जाडी सर्वत्र पुरेशी आहे का आणि अस्तर व खडक यांमध्ये पोकळी राहिली आहे का, हे तपासणे हे रडारच्या सर्वांत यशस्वी उपयोगांपैकी एक. बोगद्याच्या माथ्यावर काँक्रीट पूर्ण न भरल्याने पोकळी राहू शकते. तिथे खडकाचा तुकडा सुटला तर त्याचा भार एका बिंदूवर येतो. पोकळीची जागा कळली की त्यात ग्राउट भरता येते.

बोगद्यात रडारची मर्यादा किती तीव्र असू शकते, हे उत्तराखंडातील सिल्क्यारा येथे दिसले. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी बोगदा ढासळून ४१ कामगार अडकले. ढिगाऱ्यातून पाइप ढकलताना पुढे धातूचा अडथळा आहे का हे पाहण्यासाठी रडार वापरले गेले. पुढच्या सुमारे ५ मीटरमध्ये असा अडथळा नसल्याचे सांगितले गेले. तरीही पाइपसाठी खोदणारे ऑगर यंत्र अडकले आणि शेवटचा टप्पा हाताने खोदून २८ नोव्हेंबरला कामगारांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. तुटलेल्या खडकाचा, लोखंडाचा आणि ओलीचा मिश्र ढीग रडारसाठी अवघड असतो, कारण जिथे-तिथे परावर्तने होतात आणि हव्या त्या वस्तूची खूण त्यांत बुडून जाते.

धरणे आणि जलवाहिन्या

पुसदजवळचे पूस, दिग्रसजवळचे अरुणावती आणि बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा ही मातीची धरणे आहेत. मातीच्या धरणात पाणी अडवणारा गाभा चिकणमातीचा असतो, म्हणजे रडारला सर्वांत प्रतिकूल पदार्थाचा. भिंतीच्या पोटातील झिरप शोधण्यासाठी म्हणून विद्युत रोधकता, पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर आणि झिरपलेल्या पाण्याची नियमित मोजणी हेच मुख्य आधार. याच धरणांच्या काँक्रीट सांडव्यावर मात्र रडार चांगले काम करते. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले आणि लहान धरणांकडे होणारे दुर्लक्ष किती महाग पडते ते दिसले. २०२१ मध्ये देशात धरण सुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात या कामासाठी १९१६ मध्ये स्थापन झालेले आणि पुण्याजवळ खडकवासला येथे असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. धरणांची विना-फोड तपासणी आणि भूभौतिकी हे अशा संस्थांच्या कामाचे क्षेत्र आहे.

यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह धरणांतून पाणी मिळत आले आणि पुढे बेंबळा प्रकल्पातून जलवाहिनीची योजना झाली. शहरात जुने नळ, नवे नळ, विजेच्या आणि दूरसंचाराच्या केबल एकाच रस्त्याखाली येतात. खोदकामात नळ फुटला की वस्तीचे पाणी तुटते. रडार लोखंडी आणि प्लास्टिक अशा दोन्ही नळांचा माग काढू शकते, पण प्लास्टिकच्या नळाची खूण फिकी असते आणि काळ्या मातीत तीही हरवते. नळाभोवतीचा चर मुरमाने किंवा वाळूने भरलेला असेल तर चराच्या कडा दिसतात आणि त्यावरून नळाचा अंदाज येतो. धातूच्या नळांसाठी आणि केबलसाठी विद्युतचुंबकीय शोधक यंत्र सोबत वापरावे लागते. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲप सुरू केले. खोदण्याआधी संबंधित यंत्रणांना कळवणे, मग रडारने पाहणी आणि शेवटी हाताने खड्डा खणून खात्री, हा क्रम सर्वांत सुरक्षित.

इतर चाचण्यांची जोड आणि अहवालाचे वाचन

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये रडार एकटे वापरणे पुरेसे नाही. काँक्रीटच्या दर्जासाठी अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी आणि पृष्ठभागाच्या कठीणपणासाठी रिबाउंड हॅमर या चाचण्या भारतीय मानक आयएस ५१६ च्या पाचव्या भागात दिल्या आहेत. सळई गंजण्याची शक्यता हाफ-सेल पोटेन्शियल चाचणीने कळते. कार्बोनेशन किती खोल गेले हे ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडून पाहतात. जिथे रंग गुलाबी होत नाही, तिथपर्यंत काँक्रीटचे संरक्षण संपलेले असते. रडारने मोजलेले कव्हर आणि कार्बोनेशनची खोली शेजारी मांडली की कोणत्या सळ्या धोक्यात आहेत हे स्पष्ट होते. ताकदीबद्दल शंका उरली तर कोअर काढावेच लागतात. पण रडारने सळ्या आधी दाखवल्यामुळे ते सळई न कापता, योग्य जागी आणि मोजकेच काढता येतात.

शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत, नगर परिषद किंवा गृहनिर्माण संस्था यांनी काम देताना पहिल्यांदा प्रश्न लेखी ठरवावा: सळ्या मोजायच्या आहेत, जाडी पडताळायची आहे, पोकळी शोधायची आहे की नळ? त्यावरून अँटेना ठरते. 'इमारत सुरक्षित आहे का' हा प्रश्न रडारचा नाही. तो सर्व चाचण्या आणि भाराचा हिशेब पाहून संरचना अभियंत्याने सोडवायचा आहे. अहवालात अँटेनाची वारंवारता, तपासलेल्या रेघांचा आराखडा, त्यांतील अंतर, धरलेला वेग आणि तो कसा पडताळला, तपासणीच्या दिवशी पृष्ठभाग ओला होता की कोरडा, या गोष्टी असायलाच हव्यात. मूळ नोंदींच्या फाइलही मागून घ्याव्यात, म्हणजे पुढे दुसरा तज्ज्ञ त्या तपासू शकतो. नुसत्या रंगीत चित्रांचा अहवाल स्वीकारू नये. कुठे लहर पोहोचलीच नाही, हे ज्या अहवालात स्पष्ट लिहिलेले असते तो अधिक विश्वासार्ह. कारण रडारला काही न दिसणे आणि तिथे काही नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासणी एकदाच करून थांबण्यापेक्षा ठरावीक वर्षांनी त्याच रेघांवर पुन्हा केली, तर ओल आणि पोकळ्या वाढत आहेत का ते कळते. पहिली नोंद इमारत किंवा पूल नवा असतानाच घेऊन जतन केली तर पुढच्या प्रत्येक तुलनेला पाया मिळतो. सळ्यांची प्रत्यक्ष जागा, कव्हर आणि स्लॅबची जाडी यांची अशी नोंद बांधकामाच्या कागदपत्रांत कायम राहिली, तर पन्नास वर्षांनी त्या इमारतीची दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याला अंदाजावर काम करावे लागणार नाही.